बसल्या जागची चढाई

सेलू,
२८ डिसेंबर

प्रिय शालू,

फोनच करणार होते. सकाळपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला की मला फुशारकी मारायची हुक्की येते, कॉलेजातल्या संघात होतो तेव्हापासूनची खोड आहे ती. कागदावर तेवढं जमत नाही, म्हणून लिहिते आहे. आज ऑपरेशनला बावन्न दिवस झाले. मी घरात अशी फिरते की आमचा नवरोबा नीरज म्हणतो, फरशीचा रंग उडेल. ओट्यापासून फाटकापर्यंत अडतीस पावलं आहेत. परवा छत्तीसच भरली तर मी परत जाऊन मोजली. माणूस रिकामं बसलं की काय काय करतं बघ!

वीस फेब्रुवारीला वर्ध्यात, आपल्या कॉलेजच्या मैदानावर जुन्या मुलींचा कबड्डीचा सामना ठरला, आणि तू मला न विचारता पहिलं नाव माझं घातलंस. पहिली चढाई दिपालीची, असं ग्रुपवर लिहून मोकळी झालीस. मीही त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. तो अंगठा तेव्हापासून मला टोचतो आहे. पायात शिवशिव आहे, माझ्या शाळेतल्या मुलींना सराव करताना खिडकीतून पाहिलं तरी पिंढऱ्या ताठ होतात. पण वीस फेब्रुवारीला मी उतरणार की नाही, याचं खरं उत्तर मी अजून कुणालाच दिलेलं नाही.

आधी हे सांगते की शाळेत मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. अर्धं खरं आहे ते. जुळी झाली तेव्हा पोटाचे स्नायू मधोमध फाकले ते फाकलेच. चौदा वर्षं झाली, बेंबीच्या वर चार बोटं आत जायची. खाली कातडीची घडी, उन्हाळ्यात तिच्या आत पुरळ, आणि कमर तर कायमची दुखरी. ट्रॅकसूटची नाडी घडीच्या वर बांधू की खाली, हा रोजचा प्रश्न. नागपूरच्या डॉक्टरांनी आतले स्नायू शिवून जवळ आणले आणि सैल कातडी कापून काढली. दिसण्यासाठी केलं का? तर हो, त्यासाठीही केलं. मुलींना चढाई शिकवताना त्यांची नजर माझ्या पोटावर जायची ते मला नको झालं होतं. हे कुणाला सांगायची लाज वाटते, तुला नाही वाटत.

घरी आले तर सासूबाईंनी माझी बाळंतीणच करून टाकली. मनकर्णाबाई तुला ठाऊक आहेत, सत्तरीला आल्या तरी रोज सकाळी वांग्याच्या वाफ्यात उतरतात. डिंकाचे लाडू, खारकेची पूड, पाठीला शेक, सगळं सुरू. दवाखान्यातून दिलेला पट्टा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि हे तर आम्ही लुगड्याच्या धांदोट्यानं बांधत होतो, यात डाक्टरनं नवीन काय केलं, असं म्हणाल्या. पट्ट्याच्या जागी त्यांचं जुनं मऊ लुगडं बांधायला निघाल्या होत्या, ते मी कसंबसं थांबवलं. मग त्यांनी मला सांबाराच्या, म्हणजे वाफ्यातल्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बसवलं, हाताला काम पाहिजे म्हणून. शालू, मी, जी एका दमात तीन जणींना बाद करून यायची, ती उशीला टेकून सांबाराला दोरा गुंडाळत होते.

फिजिओथेरपीच्या रक्षा मॅडमनी सगळं नीट सांगितलं होतं, त्यांना मी बोल लावणार नाही. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं, पण वाकून आणि हळू. पाण्यानं भरलेली कळशी सोड, छोटी बादलीसुद्धा उचलायची नाही. सहा आठवडे पोटावर जोर येईल असं काहीच नाही, आणि पुढेही डॉक्टर तपासून हो म्हणतील तेव्हाच एकेक पायरी. शेवटी त्या म्हणाल्या की कुठलीही हालचाल करताना श्वास कोंडायचा नाही, सोडत राहायचा. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं आणि तिथेच घात झाला.

कारण मी चढाईची पोरगी. श्वास म्हटलं की मला दम आठवतो, दुसरं काही आठवतच नाही. चौथ्या आठवड्यात एक दिवस दुपारी घरात कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, हातपाय हलवायची बंदी आहे, तोंडाची कुठे आहे? पाय जाग्यावर, पाठ उशीला, पट्टा घट्ट, मग दम घालायला काय हरकत? मोबाइलचं घड्याळ लावलं आणि खुर्चीत बसून कबड्डी कबड्डी सुरू केलं. पहिल्या दिवशी एकोणीस सेकंद. मला रडूच आलं, आपण पस्तिसाच्या खाली कधी येत होतो? दुसऱ्या दिवशी बावीस, मग पंचवीस. मी डोळे मिटून पूर्ण मैदान खेळायची, मध्यरेषा ओलांडायची, कोपऱ्यातलीला चकवायची, परत यायची. इतक्या दिवसांत तेवढाच वेळ मी सुखात होते. श्वास कोंडत तर नाही ना, सोडतेच आहे, मॅडमचंच ऐकते आहे, अशी माझी मी समजूत काढली. शेवटचे सात-आठ सेकंद दम ओढून ओढून काढताना पोट किती आवळलं जातं, हे मुलींना बोटानं दाबून दाखवणारी बाई मी. स्वतःच्या वेळी मला ते आठवू नये?

पाचव्या दिवशी मी एकतीसपर्यंत गेले. डोळे उघडले तर सासूबाई दारात, डोक्यावर रिकामी टोपली तशीच. "काऊन वं, बसल्या बसल्या कबड्डी खेळून राह्यली का?" असं त्यांनी विचारलं. रागावल्या नव्हत्या, भ्याल्या होत्या. मी हसून वेळ मारून नेली. संध्याकाळी पट्टा काढला तर उजव्या बाजूला, टाक्यांच्या वर, फुगवटा. हात लावला की आत पाणी डुचमळतं आहे असं वाटायचं. पट्टा काढताना तो सासूबाईंनीच आधी पाहिला आणि नीरजला फोन त्यांनीच केला.

दुसऱ्या दिवशी नागपूर. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, आठ दिवसांनी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. असं पाणी काही जणांना काही न करताही भरतं, म्हणाले, त्यामुळे सगळा दोष दमाचाच असं सांगता येणार नाही. पण आत शिवलेल्या स्नायूंवर मी रोज ताण दिला होता, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. शिवण उसवली असती तर पुन्हा टेबलावर जावं लागलं असतं. मी खाली मान घालून ऐकत होते आणि माझ्याऐवजी सासूबाईच त्यांना सांगत होत्या, चुकलं तिचं, आता नाई करणार. बेचाळीस वर्षांची मी, शाळेची खेळाची शिक्षिका!

आता बरं आहे. पाणी थांबलं, पट्टा दिवसाच लावते. सकाळी अर्धा तास सपाट रस्त्यानं चालते, बोलता येईल इतक्याच वेगानं. मग उताणं पडून गुडघे वाकवायचे, श्वास सोडताना बेंबी हळूच आत, दहा वेळा, बस. त्या दहा वेळांत माझा जीव कासावीस होतो. धावणं फेब्रुवारीनंतर, तेही तपासून. पकड, धक्का, अंगावर पडणं, हे सहा महिने पूर्ण होईपर्यंत नाव काढायचं नाही. म्हणजे वीस फेब्रुवारीला मी खेळणार नाही, शालू. ग्रुपवर मी आजच लिहिते. एवढंच असतं तर मी फोनवरही सांगितलं असतं, तू दोन शिव्या घातल्या असत्यास आणि विषय संपला असता.

पण रविवारी तू फोन केलास. म्हणालीस, माझी तारीख ठरली, पाच जानेवारी, तेच ऑपरेशन. एसटीच्या आगारातून एकवीस दिवसांची रजा मिळाली, तेवढी बस झाली. आणि वर हसून म्हणालीस, "तू तीन हप्त्यांत मैदानावर गेली नं, मग मी बी तीन हप्त्यांत गाडीवर." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. मागच्या फोनवर मीच सांगितलं होतं तुला, की काही नाही गं त्यात, तिसऱ्या आठवड्यापासून मी मैदानावर आहे, मुलींसोबत पळते आहे. खोटं बोलले मी. ज्या संध्याकाळी तू विचारलंस, त्याच दिवशी दुसऱ्यांदा पाणी काढून आणलं होतं आणि मी पलंगावर गुडघ्याखाली उशी घेऊन पडले होते. तुझ्यासमोर मला हरलेलं दिसायचं नव्हतं, दुसरं काही कारण नाही. एकविसाव्या दिवशी तू खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवून, धक्के खात, गर्दीत उभी राहणार, तेही माझ्या शब्दावर. पोस्टात टाकलं तर पत्र पाच तारखेच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून तुमच्या हिंगणघाटच्या गाडीवरच्या प्रफुलच्या हाती देते आहे. रजा वाढवून घे. डॉक्टरांना सांग की मी वाहक आहे, दिवसभर हलत्या गाडीत उभी असते, आणि मग ते सांगतील तितके दिवस घे. रजा मिळत नसेल तर तारीख पुढे ढकल. माझ्यावर चिडायचं ते चीड, बोलायचं बंद कर, पण आधी आगारात अर्ज टाक.

तुझीच, आणि या वेळी खरं सांगणारी,
दिपाली