गच्चीवरची तार आणि वाळत घातलेला जावई

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर निम्म्यातच अडकते, उरलेला नमस्कार तू समजून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींच्या घोरण्याची शेजाऱ्यांना सवय झाली का? इकडे सगळं उत्तम. तू आत्याआजी झालीस हे फोनवर कळलंच असेल. नातीचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय, त्याबद्दल मी जावयाची रीतसर माफी मागितली आहे. पण त्या नाकाचं दर्शन घडावं म्हणून आम्ही जे उपद्व्याप केले ते फोनवर मावणारे नाहीत. चहा घेऊन बस.

लेक किती लांब राहते ते तुला ठाऊक आहे. आपण जेवायला बसतो तेव्हा तिथे झोपायची वेळ झालेली असते. आमचं जुनं नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, म्हणजे येता येता थकायचं. पडद्यावर माणसांचे चौकोनी तुकडे पडत. एकदा लेकीचं कपाळ आणि जावयाची हनुवटी मिळून एक तिसराच इसम तयार झाला आणि तुझ्या भावजयीने त्याचीही ख्यालीखुशाली विचारली. लेकीला दिवस गेल्यावर मात्र बायकोने मला ठणकावलं, की बाळाचा चेहरा इथून नीट दिसला तर ठीक, नाहीतर मी तिकडे जाऊन बसते ती मूल चालायला लागल्यावरच परतेन. ताई, मला चहा करता येतो आणि पाव भाजता येतो. पण स्वयंपाकाचं सोड. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठतं.

नेटवाल्या कंपनीकडे गेलो. ते म्हणाले, पुढच्या पिढीची काचेची तार गल्लीच्या तोंडाशी आणून देतो, पण मूठभर घरांसाठी आत रस्ता खणणं परवडत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मग गल्लीची कमिटी झाली आणि अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं, कारण माझा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात गेला. नळ काय आणि नेट काय, शेवटी घरोघरी पोचवायचंच, असं मी भाषणातही म्हणालो. पहिल्या नकाशात मी तारेला उतार दिला होता. (कंपनीची तंत्रज्ञ मुलगी तो पाहून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.) पण एक गोष्ट मला चटकन कळली: तार स्वस्त असते, महाग असतो तो खड्डा. मग खड्डाच नको. घरं एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येक गच्चीवर कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब एका ओळीत उभे. त्यांनाच तार बांधत नेली. तारेच्या आत काचेचे चार धागे जास्तीचे घेतले, उद्या गरज वाढली तर पुन्हा ओढाताण नको म्हणून. ती मुलगी एवढंच म्हणाली, की या तारेतून प्रकाश धावतो, ती कुठे दुमडली किंवा चिमटली तर तो वाटेतच गळतो. कमिटीने हे गंभीरपणे ऐकलं. गच्चीवर जाणाऱ्या एकाही व्यक्तीला सांगितलं नाही, कारण कमिटीत आम्ही सगळे पुरुष.

सुरुवातीला पाऊस होता आणि नेट असं पळत होतं की बघत राहावं. मग लख्ख ऊन पडलं आणि नेट बंद. ढग आले की चालू, ऊन आलं की बंद. सेक्रेटरींनी सिद्धान्त मांडला, की सूर्याचा प्रकाश तारेतल्या प्रकाशाला दाबतो. मी मान डोलावली. (तू हसू नकोस, तेव्हा ते पटण्यासारखं होतं.) तंत्रज्ञ मुलीला बोलावलं. आता बाहेरचं माणूस गच्चीवर येणार म्हटल्यावर आपलं धुणं कोण दाखवत बसेल? साऱ्या गल्लीने कपडे काढून गच्च्या लखलखीत केल्या. ती आली, नेटच्या डब्यावरचे दिवे हिरवे, सगळं झकास. चहा पिऊन गेली. तिची पाठ वळताच कपडे पुन्हा वर आणि नेट पुन्हा खाली. असं तीनदा झालं. आम्ही तिला गप्पांसाठीच बोलावतो असं तिला वाटू लागलं होतं.

अशात बाळ झालं. पहिल्यांदा बघायचं त्या सकाळी ऊन नेमकं कडक. तुझ्या भावजयीने आनंदाच्या भरात घरातली मोठी रजई धुतली आणि ती वाळत टाकून येते म्हणून वर गेली. इकडे पडद्यावर जावई बाळाला उचलायला वाकला आणि तोंड उघडं ठेवून तसाच गोठला. मी तरातरा वर गेलो. बघतो तर पाणी निथळणारी आमची रजई थेट काळ्या तारेवर, वर चिमट्यांची रांग. आमच्यापुढे गल्लीच्या आतल्या प्रत्येक गच्चीवर तेच. शेजारच्या वहिनी वर कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ, कमिटीने दोरी फार छान दिली हो. झोळ पडत नाही, गंजाचे डाग पडत नाहीत."

मी बायकोला खाली पिटाळलं आणि रजई उचलली. खालून आवाज आला, "हलला, हलला." पुन्हा टाकली. "थांबला." जावयाला आम्ही असा चार-पाच वेळा वाळत घातला. मग सगळ्या गच्च्यांवरचे कपडे उतरवले आणि खाली येऊन बाळ पाहिलं. पापण्यासुद्धा दिसत होत्या. तिने जांभई दिली आणि मला रडू आलं. तेही तिकडे अगदी स्वच्छ दिसलं म्हणे.

आता तार हातभर वर चढवली आहे, खाली कपड्यांच्या नव्या दोऱ्या आहेत. एकही खड्डा न खणता गल्ली उन्हापावसात जोडलेली असते. फक्त माझ्या घरात उतरणारा शेवटचा तुकडा दोरीच्या उंचीवर राहिलाय, तो सवडीने बघेन. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा (आणि अध्यक्ष)

ता. क. चित्र इतकं स्पष्ट येऊ लागलं, की जावई बाळाला आंघोळ कशी घालतो ते तुझ्या भावजयीला बारकाईने दिसलं. तिने माळ्यावरून बॅग काढली. गेल्या आठवड्यापासून ती तिकडेच आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा थोडे दिवस राहायला ये. भावोजींनाही आण, घोरण्याची सोबत होईल.

ता. क. शेवटचा. मी एकटा पडलोय असं मात्र समजू नकोस. फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचा असा हुकूम आहे, आणि ती तिथून दिवसभर मीठ, गॅस, फडकं सगळं बघते. म्हणून कधीकधी सकाळी मी एक चादर धुतो आणि आपल्या त्या शेवटच्या तुकड्यावर वाळत घालतो. बाळ उठायच्या वेळेला मात्र चादर ओली असो की सुकी, काढतो. काल ती विचारत होती, एकट्या माणसाला रोज चादरी धुवायला कशा निघतात. तू लवकर ये. निदान सांगता येईल, ताई आली आहे, धुणं वाढलंय.