अण्णांच्या ढोलात गेलेलं आमचं डिपॉझिट

पाथर्डी फाटा, नाशिक

तीर्थरूप धोंडीराममामांना नवनाथचा नमस्कार, आणि सुलामामींना जरा जास्त वाकून (त्यांचे गुडघे आता कसे आहेत?). सायखेड्याला सगळे सुखरूप आहेत असं धरून चालतो, कारण मी सध्या फार तापलेलो आहे.

झुंबरअण्णांचा फ्लॅट आम्ही सोडला. करार अकरा महिन्यांचा, सोडला सातव्यात, आणि तो काही हौसेनं नाही. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात. आमच्या या घरमालकांनी ढोलपथक काढलं. सराव थेट आमच्या डोक्यावरच्या गच्चीत. सृष्टी दहावीला. पोरगी सूत्रं ठेक्यात पाठ करायला लागली आणि मी अंबडला कंपनीत मशीनसमोर पाय आपटायला लागलो (सुपरवायझरनं डॉक्टरकडे जायला सांगितलं). शेवटी कराराप्रमाणे महिन्याची नोटीस दिली, फरशी पुसून चावी हातात ठेवली.

डिपॉझिट मागितलं तर अण्णा भिंतींवर टॉर्च मारत हिंडले. खिळ्यांची भोकं मोजली. कॅलेंडरमागं भिंत स्वच्छ राहिली होती, तिचेसुद्धा पैसे लावले. म्हटलं, कापायचं ते कापा, उरलेलं द्या. तर म्हणे पितृपक्षात पैसे देत नाहीत. (घेतले तेव्हा अमावास्या होती, ती चालली!) इकडे नव्या घराच्या डिपॉझिटसाठी स्नेहाच्या भावाकडून उसने घेतलेले. तो मागत नाही, फक्त फोन करून "दाजी, सगळं ठीक ना?" एवढंच विचारतो. त्यापेक्षा मागितलेले परवडले.

तुळशीचं लग्न उरकलं तरी पैसे नाहीत, तेव्हा परवा घेतल्याशिवाय उठायचंच नाही असं ठरवून स्नेहासह त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसलो. त्यांच्या भागीकाकूंनी शेवभाजी वाढली. रागाच्या भरात भाकरी जरा जास्तच गेल्या. स्नेहानं शांतपणे विचारलं, पैसे आहेत की नाहीत तेवढं सांगा. अण्णांनी ताट बाजूला सारलं.

"ताई, खोटं नाही बोलत. त्याचे ढोल आणले. गल्लीतली पोरं नाक्यावर बसून वाया चालली होती, आता संध्याकाळी माझ्यासमोर तरी असतात."

माझं सगळं भाषण तयार होतं, ते गिळावं लागलं. पण मामा, दुसऱ्याच्या पैशानं कसली समाजसेवा? या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही, हे तुम्हाला लिहून देतो.

आपला, 
नवनाथ

ता. क. नव्या घराच्या भिंतीला लागून लग्नाचं लॉन आहे. घर बघितलं तेव्हा लग्नतिथी नव्हत्या. आता डीजेनं मांडणीवरची भांडी सरकतात. ढोल निदान जेवणाच्या वेळेला तरी थांबायचा.

दुसरा ता. क. अण्णांचा फ्लॅट अजून रिकामा आहे. डिपॉझिट त्यांच्याकडे आहेच, परत भरायला नको, असं स्नेहाचं म्हणणं. सराव मैदानावर नेतो असं अण्णांनी तिला कबूल केलंय. तर रविवारी तुमचा कांद्याचा टेम्पो पाठवाल का? सामान चढवायला पथकातली पोरं येतायत. टेम्पोबरोबर तुम्ही आलात तर अण्णांसमोर या पत्राचा विषय काढू नका. हा नवा मालकही करार मोडला म्हणून डिपॉझिट अडवतोय, आणि त्याच्याशी भांडायला माझ्या बाजूनं अण्णाच येणार आहेत. म्हणतात, घरमालक काय काय सबबी सांगतात ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.