बकासुराची भूक

१२ नोव्हें., बुध.
बकासुर चालू केला. भुसा खाणारं हे यंत्र ह्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः बनवलं, नावही त्यांनीच ठेवलं. ते गेल्यावर लाकूडकाम मी धरलं. मागे मोटर जळली, तिची तार परवा मीच नव्याने गुंडाळली. कारखान्यात तीस वर्षं कॉइलीच भरल्या, त्यात काय मोठं! आवाज झकास, पण ओढ नाही. पोळपाट घासला तर निम्मा भुसा बकासुराच्या पोटात, निम्मा माझ्या.
संध्याकाळी निखिल पडवीच्या दारात. "आई, चिऊला परत वाफ द्यावी लागली. रविवारपर्यंत ही धूळ थांबली नाही तर पडवी रिकामी करू. बाबांचं ते डबडं भंगारात."
डबडं म्हणे. त्याचा पाळणा ह्याच पडवीत बनला होता.
चिऊची छाती मात्र रात्रभर डोक्यात. पाच वर्षांची नात माझी.

१३, गुरु.
पिशवी झटकली. पाइपाच्या सांध्यांवरून उदबत्ती फिरवली, दोन ठिकाणी धूर आत गेला. तिथे टेप. ओढ होती तेवढीच.
सूनबाई चहा घेऊन आली. "आई, राहू द्या ना, किती त्रास." प्रेमाने म्हणाली, म्हणून जास्तच राग आला.

१४, शुक्र.
पिपलानीच्या बाजारातून मिस्त्री बोलावला. हात न लावताच निकाल: "अम्माजी, नई ले लो. इसकी तो उमर हो गई."
"उमर तो मेरी भी हो गई, भैया. मुझे भी कबाड़ी को दोगे?"
चहा पिऊन गेला. बरं झालं.

१५, शनि.
काही सुचेना म्हणून रॉकेलच्या फडक्याने पंख्याचं घर पुसायला घेतलं. मेणचट थराखाली लाल बाण. ह्यांनी रंगवलेला. स्विच बंद केला आणि पंखा मंदावताना वाकून पाहिलं. बाण उजवीकडे, पंखा डावीकडे!
कपाळावर हात मारला. उलटा फिरला तरी हा पंखा थोडंफार ओढतो, म्हणून शंकाच आली नाही. आणि येणार कशी? आम्ही कॉइली भरायच्या, फिरायची दिशा टेस्टिंगवाल्यांनी बघायची. तीस वर्षांत एकदाही ती माझी काळजी नव्हती. हे पॅटर्न शॉपचे, ओतकामाचे लाकडी साचे करणारे, नेहमी टोमणा मारायचे, "वाइंडिंगवाले मान वर करून बघत नाहीत." घ्या, तुमचंच खरं.
दोन वायरींची अदलाबदल केली. सुरू करताच हातातलं फडकं गिळलं. मोठ्याने हसले. मग रडूही आलं, पण थोडंच.

१६, रवि.
सकाळी आठलाच चिऊच्या टेबलावर काळा कागद चिकटवला. दिवसभर पडवीत काम, मुद्दाम सागाचं. पडवीत भुशाचा कण नाही.
पाचला सगळ्यांसमोर कागद पाहिला. निखिलने बोट फिरवलं. बोटावर पुसटशी पांढरट रेघ.
"बघ आई."
"ही सागाची कशावरून? बाहेर रस्ता खणून ठेवलाय तो दिसत नाही?"
"मग कळणार कसं?"
म्हटलं, उद्या मशीन बंद. दुसरा काळा कागद, तीच जागा, तेवढाच वेळ. तेवढीच धूळ आली तर रस्त्याशी भांड, माझ्याशी नाही. कागद कोरा निघाला तर पडवीला कुलूप मी लावीन. तू सांगायची गरज नाही.  दुसरा कागद निखिलनेच कापून दिला.

१७, सोम.
आठला कागद लावला. मशीन बंद. हातांना काम नाही.
जन्मभर घर झाडत आले, आज धूळ पडावी म्हणून बसलेय. मग आत चिऊ खोकते आणि स्वतःचीच लाज वाटते.
तरी सांगते, डबडं नाही ते.
साडेतीन वाजले, पाचला दीड तास. अजून बघितलं नाही.