चिरंजीवांना जाणारी शेवटची बरणी

मी, खाली सही करणारी बाई, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. कोणी केली असती तर त्याला ते महागात पडले असते. डोके ठिकाणावर आहे आणि हात कापत नाही, असा डॉक्टरांनी दाखला दिला आहे. जीभ तेवढी कामातून गेलेली आहे, तिचा खुलासा पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. चिरंजीव गेल्या खेपेला आले तेव्हा त्यांनी एक तयार कागद सहीसाठी पुढे केला होता. कागद जाड आणि चांगला होता, मी त्यातून बाहीचा नमुना कापला.

कलम पहिले. हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची गच्ची आणि रस्त्याकडचे शिवणाचे दुकान, माझ्या सुनेला मिळावे. घर माझ्या मशीनवर उभे राहिले आहे. वडिलोपार्जित यात खिळासुद्धा नाही, म्हणून चिरंजीवांनी रक्ताचा हक्क सांगू नये. वकिलांनी कच्च्या मसुद्यात ‘माजी सून’ असे लिहिले होते. मी ‘माजी’ खोडायला लावले. फारकत त्याने घेतली आहे, मी नाही.

चिरंजीवांचा बेत वेगळा होता, तोही नोंदवून ठेवते. माझ्यानंतर घर विकायचे आणि ‘तिची’ कुठेतरी सोय करायची, असे तो फोनवर म्हणाला होता. जुन्या कपाटाची सोय लावावी तसा त्याचा सूर होता. ती तेव्हा माझ्या शेजारी बसून त्याच्याच पार्सलची पिशवी शिवत होती, आणि फोनचा आवाज मोठा होता.

कलम दुसरे. बँकेतले जे असेल ते सुनेचे. दोन्ही मशीन आणि मोठी कात्री तिचीच. कात्रीने कागद कापू नये, हे तिला सांगायची गरज नाही.

कलम तिसरे. माझ्या दिरांना पुढच्या खोलीतली हात असलेली खुर्ची द्यावी. याच खुर्चीत बसून त्यांनी माझ्या सुनेचा निकाल लावला होता. खुर्चीचा मागचा पाय कधी निसटेल याचा नेम नाही. तो दुरुस्त करून देऊ नये.

कलम चौथे. आता चिरंजीव. त्यांना घर नाही, पैसा नाही, म्हणून कारण देणे भाग आहे. वकील म्हणतात, कारण न दिले तरी चालते. मला चालत नाही.

मुलाच्या लग्नाच्या आधल्या वर्षी मला मोठा ताप आला आणि उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. साखर आणि खडूची भुकटी मला सारखीच लागते. मी कोणाला सांगितले नाही. शिवणाऱ्या बाईची जीभ गेली म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही. नवऱ्याला आणि मुलाला काही दिवस अळणी, काही दिवस खारट मिळाले आणि दोघेही ‘आजारातून उठली आहे’ म्हणून गप्प जेवले. मग सून आली. आठवड्याच्या आत तिने ओळखले. डाळ चाखली, माझ्याकडे पाहिले, मिठाचा चमचा उचलला आणि तिथून पुढे या घरातले मीठ तिच्या हातचे झाले. डाळ तिची, भाजी तिची, गच्चीत मुरणारे लिंबाचे लोणचे तिचे. नाव मात्र माझे राहू दिले. सासूला लाज वाटू नये म्हणून.

चिरंजीवांची जीभ किती पारखी, त्याचा एक दाखला देते. एकदा मी त्याला भाजी वाढली, त्याने बोटे चाटली. पुन्हा हवी म्हणाला तेव्हा मी मशीनवर होते, सुनेने वाढली. पातेले तेच, पळी तीच. त्याने ताट बाजूला सारले आणि म्हणाला, आईने वाढलेली वेगळी होती. त्याचे वडील हसले. ती हसली नाही, उरलेली भाजी तिने झाकून ठेवली.

पुढे तो परदेशी गेला. बायकोला वर्षात बोलावतो म्हणाला. वर्षाने स्वतःच आला तो फारकत मागायला. तिकडे दुसरी ठरली होती, हे त्याने सांगितले नाही. ते नंतर फोटोत दिसले. पुढच्या खोलीत नातेवाईक जमले, दीर खुर्चीत बसले, आणि तिचा दोष काय असे त्यांनी विचारले. तेव्हा माझा मुलगा सर्वांसमोर म्हणाला,

“हिच्या हाताला चव नाही. तिकडे आधीच आपलं काही मिळत नाही, त्यात जन्मभर हिच्या हातचं खाऊन मी जगू कसा?”

सर्वांनी माना डोलावल्या. सकाळपासून ते तिच्याच हातचे जेवत होते. दिरांनी तर तीनदा मागून घेतले होते. मी तोंड उघडणार तोच तिने माझे मनगट धरले आणि मला आत नेले. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली,

“राहू द्या, आई. ज्याला सोडायचंच आहे, त्याला काहीही कारण पुरतं. माझी चव मी पंचांपुढे सिद्ध करत बसणार नाही. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बोलणार नाही असं म्हणा.”

मी तसे म्हटले. शब्द पाळला आहे. हे मृत्युपत्र माझ्या मागे उघडायचे आहे, तेव्हा वचनभंग होत नाही. वकिलांना मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माहेरी तिला कोणी उरले नव्हते. ती राहिली, आणि तिने घातलेल्या लोणच्याचे पार्सल माझ्या नावाने त्याला जाऊ लागले. परदेशात त्याचे खाण्याचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. तिथल्या दुकानात आपल्याकडच्यासारखीच चित्रे चिकटवलेल्या लोणच्याच्या बाटल्या मिळत. त्याने सगळ्या आणल्या आणि सगळ्या टाकल्या. आमची बरणी तो हिवाळी बुटांमागे लपवून ठेवी आणि कपाटापाशी उभा राहून बोटाने खाई. कचेरीत पावाला लावून खाल्ले तर लोक खिडक्या उघडत. फोनवर तो खरोखर रडे. “आई, इथं सगळं आहे, पण तुझ्या हाताची चव नाही गं,” असे म्हणे. मी हं म्हणत असे आणि समोर जी लिंबे चिरत बसलेली असे तिच्याकडे बघत असे.

फोन बरणी संपली की येई. एकदा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बरणी फेकून दिली, तेव्हा तो तासभर त्याबद्दल बोलत होता. त्याच दिवशी त्याच्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली होती, ते विचारायचे राहून गेले. वडील गेले तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. पार्सल निघाले का, एवढे विचारायला मात्र सवड झाली.

त्या दिवशी मी सुनेला म्हटले, आता पुरे, त्याच्यासाठी नको करू. ती म्हणाली, “त्याच्यासाठी कोण करतंय? बरणी गेली नाही तर तुम्हाला फोन येणार नाही.” मी पार्सलची पिशवी शिवायला घेतली.

कलम पाचवे. चिरंजीवांच्या तिकडच्या बायकोला माझ्या दोन बांगड्या द्याव्यात. तिने एकदा नवऱ्यासाठी लिंबाचे लोणचे घालून पाहिले. त्याने पाहुण्यांसमोर ते कचऱ्याच्या डब्यात ओतले आणि ‘आईची सर नाही’ म्हणाला. ही गंमत त्यानेच मला हसत सांगितली. बाई, तुझ्या हातात खोट नाही. हे कलम तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. दुभाषा चिरंजीवांनी होऊ नये.

कलम सहावे. चिरंजीवांना एक बरणी लोणचे मिळावे. ही बरणी मी स्वतः घातली आहे. लिंबे मी चिरली, मीठ मी टाकले. सून दारात आली आणि मीठ मी घालू का म्हणाली. मी नको म्हटले. ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

वकिलांनी क्रम चुकवू नये. आधी बरणी पाठवावी, आणि तिच्यावर ‘आईने स्वतःच्या हाताने घातलेले शेवटचे’ अशी चिठ्ठी लावावी. तो लगेच उघडेल. धीर त्याला कधीच नव्हता. मग तो फोन करून म्हणेल, हे आईच्या हातचे नाही, कोणीतरी बदलले. हे शब्द ऐकले की हे मृत्युपत्र वाचायला सुरुवात करावी. छान आहे म्हणाला तर तो खोटे बोलत आहे असे समजावे आणि तरीही वाचावे.

यानंतर त्याला कितीही आठवण आली तरी त्या चवीचा पत्ता या घराचाच आहे. दुसरी बरणी द्यायची की दार लावून घ्यायचे, हे घराची मालकीण ठरवेल. मी तिच्यावर कोणतीही अट घालत नाही. एकाच्या जिभेपायी तिने खूप सोसले.

हे मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करते.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: रविवार; तारीख वकिलांच्या शिक्क्याखाली.
सही: शिवणारी बाई

साक्षीदार पहिला, दाखला देणारे डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांच्या आग्रहावरून बरणीतली फोड चाखली. कोणाला खाता येईल असे वाटत नाही. सही.

साक्षीदार दुसरा, शेजारचा इस्त्रीवाला: बरणी भरली तेव्हा मी समोर होतो. मीठ बाईंनीच टाकले. आज मुरल्यावर फोड खाल्ली, थुंकावी लागली. नीट करायला सूनबाईंना सांगू का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “तू नको सांगूस. तिच्याकडे मागायचं काम त्याचं आहे.” सही.