अक्का, तुमचा दंड माफ झाला

प्रिय अक्का,

काल पोस्टमन तुमच्या नावाचं पाकीट घेऊन आला. भट्टीवर दूध आटत होतं, माझे हात खव्यानं माखलेले. "अक्कांची सही लागंल," तो बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. गावचाच माणूस, तुमच्या मातीला आला होता. मी पदराला हात पुसले आणि तुमच्या जागी धाकटी जाऊ म्हणून माझी सही केली.

टॅक्स ऑफिसचा निकाल आला, अक्का. तुमचा दंड माफ झाला!

आनंद व्हायला पाहिजे ना? मी तो कागद वाचला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. तरी तोंडातली कडू चव गेली नाही. घरात सगळे म्हणतायत, बरं झालं, सुटलो. मग ह्या कडवटपणाचं कुणापाशी बोलू? तुमच्याशिवाय आहे कोण?

डॉक्टर म्हणायचे, अक्कांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. खरं होतं का ते? समजत नव्हतं असंच मला अजून वाटून घ्यायचंय. पण पहिल्यापासून सांगते.

भावजी गेले आणि तुम्ही भट्टी अंगावर घेतलीत. ईट गावच्या बाजारात बाया कुजबुजायच्या, विधवा बाई काय खवा विकणार! तुम्ही सगळ्यांना पुरून उरलात. सोलापूरच्या व्यापाऱ्याला फोनवर कशा झाडायच्यात! "स्वस्तातला खवा पाहिजे तर दुसरं दार बघा. माझ्या कढईत दुधाबिगर काय पडत न्हाय." मी परातीआड तोंड लपवून हसायची.

आणि दर महिन्याला बिलांची पिशवी घेऊन भूमला जायच्यात, आपले रिटर्न भरणाऱ्या टॅक्सवाल्याकडं. रिटर्न भरल्याशिवाय परतीच्या एसटीत बसत नव्हतात. गावातल्या बाप्यांना तरी जमत होतं का एवढं?

पण एक बोलू? रागवू नका. मला कढई शिकवलीत, कागद का नाही शिकवलेत? मी बारावी शिकलेली, तुम्ही सातवी. विचारलं की म्हणायच्यात, "आधी खवा करपू देऊ नको शैला, मग कागदाचं बघू." ते 'मग' राहूनच गेलं.

कढईपुढंच कोसळलात तुम्ही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखाना, घर, परत दवाखाना. रिटर्न भरायचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर यायचा, आणि त्या मोबाईलचं कुलूप तुमच्या डोक्यात. मी फोन तुमच्या डाव्या हातात दिला होता, आठवतं? तुम्ही बोट फिरवलंत, चुकलं. परत फिरवलंत, परत चुकलं. मग फोन पांघरुणावर टाकून भिंतीकडं बघत राहिलात. मी पुन्हा तो तुमच्या हातात द्यायचं धाडस केलं नाही.

ह्यांना म्हटलं, काहीतरी करा. हे म्हणाले, "अक्काला जरा बरं वाटू दे. तीच करंल." भावाची बायको ह्यांना आईच्या जागी, तुम्हाला बरं वाटणार नाही असं मानायलाच हे तयार नव्हते. महिने गेले. नोटीस आली, मग दंड आला. कागदावर तुमच्या नावापुढं लिहिलेलं: कसूरदार.

तुम्ही कसूरदार!

टॅक्सवाला म्हणाला, अपील करू. मी दवाखान्याचे सगळे कागद जोडून दिले. मेंदूचा फोटो, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र. आणखी काय पाहिजे होतं? पण सुनावणीच्या आधी त्या ऑफिसातल्या क्लार्कचा फोन आला. "असले दाखले ढिगानं येतात. बाईंना समक्ष घेऊन या, त्याशिवाय साहेब ऐकून घेणार नाहीत."

"अहो, त्यांना उठता येत नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही बघा."

आम्ही बघितलं. आपला खवा नेणाऱ्या रफीकभाईंच्या पिकअपमध्ये गादी टाकली आणि तुम्हाला निजवलं. मी उशाशी बसले. वाटेत येडशीपाशी गाडी थांबवून तुमची लघवीची पिशवी रिकामी केली. तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतले होते.

ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ह्यांनी आणि रफीकभाईंनी तुम्हाला खुर्चीत बसवून जिन्यानं उचललं. "अक्का, भिऊ नका, म्या धरलंय," रफीकभाई म्हणत होते आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. जिन्यावर फायली घेतलेली माणसं अंग चोरून भिंतीला टेकली. एकानंही हात लावला नाही, अक्का. एकानंही!

साहेबांनी फाईलमधनं मान वर न करताच विचारलं, "बाई, वर्षभर रिटर्न का भरले नाहीत?"

कुणाला विचारत होता तो? तुम्हाला!

मी म्हटलं, "साहेब, त्यांना बोलता येत नाही."

"तुम्ही कोण?"

"मी धाकटी जाऊ."

"खवा तर विकत होता ना तुम्ही? खवा विकायला जमतं आणि रिटर्न भरायला जमत नाही?"

मी सांगितलं, दूध रोज दोन वेळा येतं साहेब, घरात माणूस आजारी पडलं म्हणून म्हशी थांबत नाहीत. गावातली किती घरं आमच्याकडं दूध घालतात. भट्टी विझवली असती तर त्यांनी ते कुठं ओतलं असतं? त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं आता तुमच्याकडं पाहिलं होतं.

तुम्ही बोलायला गेलात. घशातनं नुसता आवाज आला, तोंड वाकडं झालं, लाळ लुगड्यावर ओघळली. आणि त्या माणसानं खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. खुर्ची मागं सरकवली. माझ्या देखत! तुमच्या देखत!

"अहो, ह्यांना इथं आणायला कुणी सांगितलं?" रुमालातनंच तो ओरडला. "प्रतिनिधी चालला असता की!"

मी क्लार्ककडं पाहिलं. तो कागद चाळत राहिला.

आणि तुम्ही काय केलंत? डाव्या हातानं पदर ओढलात आणि तोंड झाकून घेतलंत. व्यापाऱ्यांना थरथर कापायला लावणारी बाई तुम्ही! लाज त्यांना वाटायला पाहिजे होती. तुम्ही का झाकलंत तोंड, अक्का? का? मला पुढं होऊन तो पदर बाजूला करावासा वाटला, त्या माणसाला म्हणावंसं वाटलं, बघ, नीट बघ. पण तुमची बोटं इतकी घट्ट होती की मी नुसता त्यांच्यावर हात ठेवला.

त्याला तुमची किळस आली. मला त्याची आली, ती अजून उतरलेली नाही.

घरी आल्यावर मी भरवायला बसले तरी तुम्ही पदर सोडत नव्हतात. माझ्यापुढंसुद्धा! मी म्हणायची, अहो मी शैला, माझ्यापुढं कसली लाज? तुम्ही मान वळवायच्यात. घास घ्यायच्यात तेवढ्यापुरता पदर खाली, की परत वर. पुढं दुसरा झटका आला आणि तुम्ही गेलात. त्या जिन्यामुळं गेलात असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले, हे होणारच होतं. पण तुमचे शेवटचे दिवस तोंड झाकून गेले, ते कुणामुळं?

आता निकालात काय लिहिलंय ते ऐका. "अपीलदार समक्ष हजर राहिल्या. त्यांची प्रकृती प्रत्यक्ष पाहता मानवतावादी दृष्टिकोनातून दंड माफ करण्यात येत आहे."

मानवतावादी! म्हणजे दवाखान्याचे कागद खोटे आणि तुमची लाळ तेवढी खरी! रुमालाचं मात्र एका ओळीनंही लिहिलेलं नाही.

उशिराचं शुल्क माफ झालं नाही. ते आम्ही आधीच भरलंय. त्याचं मला काही नाही. उशीर झाला होता, तुम्हीही मुकाट भरलं असतं.

आज सकाळी टॅक्सवाल्याचा फोन आला. "वहिनी, अभिनंदन! साहेब लई दिलदार निघाले. तुमच्या खव्याचे पेढे घेऊन जावा एकदा. पुढं मागं कामाला येतं."

मी फोन ठेवून दिला. हे तर खोकं शोधायला उठले! मी विचारलं, "कशाचे पेढे? अक्काला उचलून नेल्याचे?"

"तसं न्हाय. पण काम झालं की आपलं. आता कशाला वाकड्यात शिरायचं?"

"तुमी बी व्हता तिथं. तुमी बघितलं न्हाय?"

 खोकं तिथंच ठेवून हे म्हशींकडं गेले. सकाळपासून आमचं बोलणं नाही.

पेढे गेले नाहीत, अक्का. तक्रार जाणार आहे, वरच्या साहेबांकडं. मी लिहून काढलीय, मराठीत, सरळ सरळ. क्लार्क फोनवर काय बोलला, जिन्यावर कोण उभं होतं, रुमाल कुणी लावला. रफीकभाई खवा न्यायला आले तेव्हा त्यांना वाचून दाखवली. ऐकून उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "साक्षीला माझं नाव घाला भाभी. तिकडं बोलावलं तर येतो. एक दिवस गाडी न्हाय चालली तर काय मरत न्हाय." मी ह्यांच्या नावासाठी एक ओळ मोकळी सोडलीय. बघू.

भट्टी आता माझ्या नावावर झाली. रिटर्नचं मी शिकतेय, पहिलं माझं मीच भरलं. चुकलं तर टॅक्सवाला हसतो. हसू दे.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसासाठी कशाला भांडायचं? तुम्हाला आता कोण जिना चढवणार आहे! पण भूममधल्या एका हार्डवेअरवाल्याला डायलिसिस चालू असताना अशीच नोटीस आलीय. त्याच्या बायकोलाही फोन गेलाय, घेऊन या म्हणून. तिला मी सांगितलंय, नेऊ नको, थांब, प्रतिनिधी चालतो.

तुम्हाला शब्द देते अक्का. उद्या तक्रार देऊन पोच घेईन. उत्तर आलं नाही तर परत जाईन, हाकललं तरी परत जाईन. परवा त्यांच्या सुनावणीला मी त्या बाईसोबत असेन, आणि तिचा नवरा घरी अंथरुणातच राहील.

तुमची धाकटी जाऊ,
शैला