मशिनीवर ठेवलेलं सोनं

तिरोडा. दसरा, १९५४.

कापडवाले शेठ आज सोनं द्यायला स्वतः माझ्या दुकानात आले. सात वर्षांत कधी आले नव्हते. आपट्याची पानं त्यांनी माझ्या हातात दिली नाहीत, पूजेतल्या शिलाई मशिनीवर ठेवली. काऊन?

त्यांच्या कापडाची उधारी थकली म्हणून मी कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज देणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मग गोड बोलले. "मास्टर, कोर्ट में नादारी का अर्ज मत दो, इज्जत जाएगी. मशीन गिरवी लिख दो, उधारी बिना ब्याज, किस्तों में धीरे-धीरे चुकाओ."

मी विरघळलोच होतो. नादार शिंप्याला पुढे उधारीवर कापड कोण देईल? पण व्याज नाही, घाई नाही... एवढी दया एकदम कुठून आली? तेव्हा वकिलाच्या कारकुनाचं बोलणं आठवलं: नादारीत कारागिराचं अवजार कोर्ट घेत नाही. गहाण लिहिली की मात्र हप्ता चुकताच मशीन शेठची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणी कपडे शिवत नाही, हप्ता चुकणारच. शेठला हे माहीत नसेल?

कोर्ट उघडलं की अर्ज देतो. बदनामी तर बदनामी.

बायकोला सांगितलं. ती मशिनीवरच्या पानांकडे बघत म्हणाली, "मले तवाच समजलं. जिले न्यायले आला होता, तिलेच सोनं देऊन गेला थो."