पुरे पुरे मोरीसान

६ ऑक्टो. ६८, रवि.

आज बार्ज नाही. जेट्टी रिकामी. म्हणून कंपनीच्या जपानी बडासाबने माल मोजणाऱ्या टॅली क्लार्कला, म्हणजे मला, गाण्याच्या ड्यूटीवर लावलं. अकरा वर्षं गल्फमध्ये काढली, हेच बघायचं राहिलं होतं.

१८ ला, शुक्रवारी, आमच्या जपान्यांची बेसबॉल मॅच. समोर अमेरिकन ड्रिलिंगवाले. खेळायला नऊ जण कसेबसे जमले, ओरडायला कोणी नाही. तेव्हा आपल्या रत्नांग्रीच्या बावीस जणांनी जपानीतून ओरडायचं.

शिकवायला मोरीसान. तरुण इंजिनीअर, उगाच हसतो, पण माणूस साफ. टेपरेकॉर्डर घेऊन मेसमध्ये आला. तिकडे शाळांच्या मॅचेस असतात म्हणे उन्हाळ्यात. अख्खी शाळा बसून गाते, ढोल वाजतो, पुढे एक जण पांढरे हातमोजे घालून हातवारे करतो. हरत असले तरी शेवटच्या बॉलपर्यंत गातात. मी म्हटलं, हरल्यावर कशाला गायचं? तर म्हणे, "काझीसान, लूजिंग टाइम, साँग मोर नेसेसरी."

८ ऑक्टो., मंगळ.

मेसमध्ये पुन्हा तेच. गाणं लांबलचक आहे, ते कोणाला जमत नाही. शेवटचा नारा तेवढा जमला. "फुरे, फुरे" आणि पुढे खेळाडूचं नाव. इंग्रजांचं हुर्रे जपानात जाऊन फुरे झालं, असं मोरीसान सांगतो.

पण त्यांचा फ आपल्यासारखा नाही, चहावर फुंकर मारावी तसा. आपल्या लोकांच्या तोंडात त्याचा लगेच प झाला. दाऊद म्हणाला, "भाई, हे तर आपलं पुरे." सगळे पोट धरून हसले. दाऊद म्हणजे माझ्या बहिणीचा, झुबेदाचा नवरा, माझा मेव्हणा. जेट्टीवर माल उचलायचा विंच चालवतो. विंचवर आपले तीनच शब्द: हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड, पुरे म्हणजे थांब. थांबायला आधी 'बस' होता, पण बस ओरडलं की कॅम्पची गाडी आली समजून अर्धी टोळी चालू पडायची.

बावीस चिठ्ठ्या देवनागरीत लिहिल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे भोग. पाच चिठ्ठ्या 'फुरे' लिहून झाल्या, मग कंटाळा आला. बोलणार तर पुरेच, मग प ला शेपूट कशाला काढत बसा. पुढे सगळीकडे पुरे. एक चिठ्ठी मोरीसानने मागून घेतली, त्याला आपली लिपी आवडली.

१२ ऑक्टो., शनि.

कान किटले. आंघोळीला पुरे पुरे, चहाला पुरे पुरे. आज कामावर विंचने माल चढत असताना मागून कोणीतरी "पुरे पुरे मोरी" सुरू केलं. दाऊदने आधी दचकून लिव्हर सोडला, माल अधांतरी थांबला. मग कळल्यावर हसत परत ओढला. मी शिव्या दिल्या, पण हसत दिल्या.

मोरीसानची एक गोष्ट कळली. तो शाळेत कधी खेळलाच नाही. टीममध्ये घेतलं नाही त्याला. तो ते पांढरे हातमोजे घालून हातवारे करणाऱ्यांतला. "ऑल्वेज आय शाउट फॉर अदर मॅन." इथे माणसं कमी पडली म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बॅट हातात. सांगताना लहान मुलासारखा लाजला.

१५ ऑक्टो., मंगळ.

मोरीसानच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

१६ ऑक्टो., बुध.

काल एका ओळीपुढे हात चालला नाही. आज लिहितो. झालं तसंच लिहायचं.

सकाळी साडेदहा. बार्जवरून पाइपची मोळी उचलायची. मोरीसान खाली बार्जवर, मोळीला हात लावून सरळ करत होता. मी जेट्टीच्या टोकाला, टॅली बुक घेऊन. दाऊद विंचवर. मोळी कमरेइतकी उचलली आणि मला दिसलं, मोळी बांधलेल्या स्लिंगचा दोर एका बाजूला सरकतोय.

मी ओरडलो, "पुरे! पुरे!" एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात टॅली बुक. तेच हवेत हलवलं.

मोरीसानने वर पाहिलं. मला पाहिलं. आणि हसला. डावी मूठ वर करून म्हणाला, "फुरे, फुरे!" उजवा हात मोळीवरच.

मी दाऊदकडे वळलो. तोही हसत होता. लिव्हर ओढलेलाच.

मोळी सुटली.

माझा आवाज त्या दोघांपर्यंत पोचला, हे मी शपथेवर सांगू शकतो. पोचला म्हणूनच हसले. हे डोक्यातून जात नाही. जेवताना, नमाजला उभा राहिलो तरी तेच तोंड समोर.

तो ओरडला नाही नंतर. हाताकडे बघत राहिला. त्याला बहरीनच्या हॉस्पिटलात नेलं विमानाने.

१७ ऑक्टो., गुरु.

बडासाबने चौकशी केली. दाऊदला विचारलं, स्टॉप ऐकलास का? तो खरं बोलला: "सुना साब, मगर गाना समझा।" बडासाबने दोनदा विचारलं. त्याला समजेना, विंचवर कसलं गाणं. शेवटी कागदावर लिहिलं: सिग्नल ऐकला, थांबला नाही. म्हणजे खलास. पुढच्या बोटीने घरी.

झुबेदाला सातवा महिना आहे. दाऊदला इथे मीच आणला, बडासाबपुढे मीच शब्द टाकला होता.

मला अजून विचारलेलं नाही. मी काय सांगणार? ओरडलो म्हणालो तर दाऊद गेला. नाही ओरडलो म्हणालो तर मी खोटा, आणि मी ओरडलो नाही असं जगभर झालं. आणि चिठ्ठ्यांचं? ते कोण सांगणार बडासाबला, की ह्या टॅली क्लार्कने आळसापायी थांब आणि शाबास एकच करून ठेवलं.

मेसमध्ये भात वाढताना आता कोणी 'पुरे' म्हणत नाही. ताटावर हात धरतात.

१८ ऑक्टो., शुक्र.

मॅच रद्द. अमेरिकन लोक फळांची पेटी ठेवून गेले. मी चिठ्ठ्या गोळा करायला निघालो, जाळून टाकाव्या म्हणून. एकवीस मिळाल्या. बाविसावी मोरीसानकडे.

दाऊद ट्रंक बांधतोय. माझ्याशी एक शब्द नाही. शिवी तरी देईल असं वाटलं होतं.

२१ ऑक्टो., सोम.

बहरीनहून मोरीसानचा जबाब आला. बडासाबने मला ऑफिसात बोलावून वाचून दाखवला.

त्याने सांगितलंय, कोणीही स्टॉप म्हटलं नाही. विंचवाल्याची चूक नाही. काझीसान मला चीअर करत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, माझं लक्ष उडालं, दोष माझा.

बडासाबने त्यावरून माझ्या नावाचा कागद टाइप केला आहे. मी चीअर करत होतो, स्टॉप म्हटलं नाही. खाली सहीची जागा. "साइन, देन युअर ब्रदर-इन-लॉ स्टे." शनिवारी सकाळी आठला कागद परत द्यायचा.

२३ ऑक्टो., बुध.

दाऊद आज बोलला. पाण्याच्या टाकीमागे उभा राहून. "भाई, सही करू नका. तुम्ही थांब म्हणालात. मी ऐकलं."

म्हटलं, "आणि झुबेदा?"

"तिला सांगेन मी. तुम्ही त्या माणसाचा हात गेला तेव्हा गाणी म्हणत होतात, असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गाढवा, बायको पोटुशी आहे आणि तू माझी अब्रू सांभाळतोस? ट्रंक सोड, कपडे बाहेर काढ. तो उभाच राहिला. मग मला रडू आलं, त्याच्यासमोरच. तीस वर्षांत कोणासमोर रडलो नव्हतो.

२५ ऑक्टो., शुक्र.

मोरीसान आला. बहरीनहून, सामान घ्यायला. इथून कराची, मग जपान. हात पांढऱ्या बँडेजमध्ये. दुरून मला हातमोजाच वाटला.

आम्ही सगळे एअरस्ट्रिपवर. दाऊद मागे, खाली बघत. मोरीसान आधी त्याच्याकडेच गेला, वाकून नमस्कार केला. दाऊदला काय करावं सुचेना, तोही वाकला.

मग माझ्याकडे. "दॅट डे, काझीसान. फर्स्ट टाइम समबडी शाउट फॉर मी. आय वॉज व्हेरी हॅपी. थँक यू."

मी म्हटलं, "मोरीसान, दॅट वर्ड..." तो म्हणाला, "येस, येस, गुड वर्ड." आणि डाव्या हाताने खिशातून चिठ्ठी काढली. माझ्या अक्षरातली. पुरे पुरे मोरी. मला म्हणाला, इथे तुझं नाव लिही, घरी भिंतीला लावणार.

पेन घेतलं. पहिल्या प वर टेकवलं. एक शेपूट काढलं की झालं, दोन शेपटं, सगळं नीट होऊन जाईल. तो बघत होता.

नाही काढलं. खाली नाव लिहिलं आणि परत दिली. तिकडे कधीतरी कोणी आपला माणूस भेटेल त्याला, वाचून दाखवेल, अर्थ सांगेल.

बडासाब म्हणाला, चीअर द्या. बावीस जण ओरडले. माझ्या तोंडून प निघाला की फ, मला सांगता येणार नाही.

दुसरा कागद, बडासाबचा, अजून शर्टाच्या खिशात आहे, सहीची जागा कोरी. दाऊदची ट्रंक बांधलेलीच. उद्या सकाळी आठला ऑफिस.